आतून रंगवलेला खंड्या

देवळीत हिवाळा आल्याची वर्दी मला रस्त्याकडेच्या बाभळी देतात. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांत कापूस इतका शिगोशीग भरलेला असतो, की रस्त्यावर वाकलेल्या फांद्या जाता जाता त्यातून मूठभर ओढून घेतात. चार-आठ दिवसांत सगळ्या बाभळी पांढऱ्या पुंजक्यांनी भरून जातात. परवा सकाळी दुकान उघडायला निघालो तेव्हा यंदाचे पहिले पुंजके दिसले. हवेत गारवा होता. कुणाच्या तरी अंगणात पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळक्या काड्यांची, चूल पेटली होती आणि तिचा धूर वर न जाता जमिनीलगतच रेंगाळत होता. त्या धुरातही मला एकदम रंगाचा वास आला. गोडसर, नाकाला किंचित झोंबणारा. आसपास कुठेच रंगकाम चालू नव्हतं. तो वास काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याचा होता आणि दर हिवाळ्यात तो असाच न बोलावता येतो.

माझं देवळीत बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान आहे. घरात आई आणि मी, दोघंच. रब्बीची पेरणी आटोपली, गहू-हरभरा वर आला, की दुकानात तशी फुरसत असते. त्या फुरसतीत मी ट्रक चालवतो. खरा ट्रक नव्हे. रिमोटवरचा, हातभर लांबीचा, बॅटरीवर चालणारा, आपल्या उंचीच्या मानाने फारच मोठ्या चाकांचा. नागपूरच्या एका मित्राने त्याचा जुना ट्रक मला दिला होता आणि तेव्हापासून मला हे वेड लागलं. दुकानात येणारे लोक थट्टा करतात. "सुधीरभाऊ, पोट्टे लहान असते तं समजलं असतं. तुम्ही सोताच खेळून राह्यले?" असं एकदा एका काकांनी विचारलं होतं. मी त्यांच्या हातात रिमोट दिला. ढेकळांवरून ट्रक उड्या मारत गेला तसे काका बी घ्यायचं विसरले.

या ट्रकांची बॉडी पारदर्शक असते. पातळ, लवचीक, पण चिवट प्लास्टिकची. ती आपण रंगवायची, आणि रंगवायची तीसुद्धा आतून. बाहेरून रंग दिला तर पहिल्याच कोलांटीला मातीने खरवडून निघतो. आतून दिला, की ओरखडे बाहेरच्या प्लास्टिकवर उठतात आणि रंग त्याच्या आड सुखरूप राहतो. हे मला वाचून ठाऊक होतं, पण हाताला कला नव्हती. माझे ट्रक नेहमी एकाच रंगाचे, लाल नाहीतर निळे. सुरुवातीला तर मी बाजारातला साधा ऑइलपेंट मारला होता. बॉडी वाकली की त्याचे पापुद्रे निघायचे आणि ट्रक चालेल तिथे लाल टिकल्या सांडायच्या.

माझी धाकटी बहीण प्रणिता नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिची स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लेट टाकावी लागली. हाड जुळलं, पण बोटांकडे जाणाऱ्या नसेला मार बसला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, हातात घेतलेली वस्तू थरथरायची. नस हळूहळू सुधारते, पण कितपत सुधारेल ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शाळा नव्या सत्रापर्यंत थांबायला तयार होती. सुट्टी टाकून ती देवळीला आली तेव्हा तिच्या सामानात रंगाची पेटी नव्हती. आईने विचारलं तर म्हणाली, "राहू दे व आई, जड होते."

सकाळी अंगणात ऊन आलं, की ती खुर्ची टाकून बसायची आणि मऊ रबरी चेंडू दाबत राहायची. दाबायचा, सोडायचा. तिच्याकडे बघणं मला जड जायचं. घरात सगळ्यात जास्त बोलणारी मुलगी ती. लहानपणी अंगणातल्या भिंतीवर कोळशाने बैलजोड्या काढून आईचा मार खाल्लेली. आता आई तिच्या ताटात भाकरी कुस्करून द्यायची आणि ती काही न बोलता डाव्या हाताने जेवायची. आई माझ्याकडे बघायची, मी आईकडे.

एका सकाळी मी तिथेच अंगणात नवी बॉडी रंगवायला घेतली. साबणाच्या पाण्याने आतून धुतली, वाळवली, खिडक्यांच्या जागी टेप लावली. या वेळी नागपूरहून खास या प्लास्टिकचे, वाकले तरी न तडकणारे रंग मागवले होते. मी डबी हलवत होतो आणि ती चेंडू दाबत माझ्याकडे बघत होती.

"पुन्हा लालच?"

"मंग काय लावू?"

"तुले रंगाचं काहीच समजत नाई, दादा," ती म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या आवाजात जुनी चिडवणारी प्रणिता होती. "इकडे दे थे."

मी बॉडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उलटी करून उन्हात धरली, आतून बाहेरून फिरवून बघितली. मग विचारलं, "आतून रंगवाचं, म्हंजे सगळं उलटं? आधी वरचं, मंग मागचं?"

"हाव. अन शेवटी पार्श्वभूमी."

कागदावर आधी आकाश येतं, मग झाड, मग पक्षी आणि सगळ्यात शेवटी पक्ष्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका. इथे तो ठिपका सगळ्यात आधी द्यायचा. सगळ्यात बारीक काम अगदी सुरुवातीला. थरथरणाऱ्या हाताला याहून अवघड काही नसेल, असं मला वाटलं आणि मी बॉडी परत घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही.

काय काढायचं, ते तिच्या मनात आधीच ठरलेलं होतं. आदल्या आठवड्यात आम्ही दोघं वर्ध्याला तिचा हात दाखवायला गेलो होतो आणि परतायच्या आधी पवनारला धाम नदीवर थोडा वेळ बसलो होतो. पाणी कमी झालं होतं, खडक उघडे पडले होते. वरच्या तारेवर एक खंड्या बसला होता. तपकिरी डोकं, पांढरा गळा, लालभडक चोच. तो उडाला तेव्हा पंखांतला निळा रंग असा काही उघडला, की प्रणिता खडकावरून उठून उभी राहिली. आता बॉडी हातात आल्यावर म्हणाली, "बोनेटवर खंड्या काढतो आपण."

पहिला ठिपका पसरला. तिने कापसाच्या बोळ्याने पुसला. दुसराही पसरला. तोही पुसला. मग माझ्या लक्षात आलं, की तिला त्या पुसण्यातच काहीतरी सापडलं होतं. कागद एकदा बिघडला की बिघडला. हे गुळगुळीत प्लास्टिक मात्र रंग ओला असेतो सगळं माफ करत होतं. त्या दिवशी डोळ्याचा ठिपका काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण ती रोज ऊन आलं की बॉडी घेऊन बसायची. डावा तळवा उजव्या मनगटाखाली उशीसारखा घ्यायची, श्वास रोखायची आणि कुंचला टेकवायची. मी दुकानात जाताना हळूच डोकावायचो. आई तर तिच्या बाजूला लसूण सोलत बसायची आणि मान वर न करता सगळं बघायची.

मग एक दिवस दुकानात आईचा फोन आला. "डोळा झाला," आई म्हणाली. मला क्षणभर कळेना कुणाचा डोळा.

त्यानंतर चोच, डोकं, गळा. पंखांतली काळी रेघ आधी आणि निळा नंतर. मागे तुरीच्या फुलांचा पिवळा. शेवटी सगळ्यांच्या पाठीशी पांढऱ्या रंगाचा एक हात, म्हणजे पिवळा मंद दिसायला नको. एवढं होईतो तुरीच्या शेंगा भरल्या होत्या आणि बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते. या बॉड्यांवर बाहेरून एक पातळ फिल्म असते. रंगवताना उडालेले थेंब त्या फिल्मवर पडतात आणि खालचं प्लास्टिक स्वच्छ राहतं. काम संपेपर्यंत सगळं चित्र त्या फिल्मच्या आड धुरकट दिसतं. ती काढायच्या वेळी आम्ही तिघं अंगणात होतो. प्रणिताने कोपऱ्यातून नखाने फिल्म उचलली आणि उजव्या हाताने, मुद्दाम उजव्याच हाताने, सावकाश ओढत नेली. खालून खंड्या ओल्या काचेसारखा चमकत निघाला.

"माय माय माय," आई म्हणाली.

ती बॉडी ट्रकवर न चढवता जपून ठेवायला हवी होती, असं आज कुणीही म्हणेल. आई तर तेव्हाच म्हणाली. तिने ती बॉडी टीव्हीच्या वरच्या फळीवर, देवीच्या फोटोशेजारी ठेवली आणि बजावलं, "आता याले हात लावजो नोका. तिनं एवढ्या मरनाच्या कष्टानं काढलं, अन तुम्ही मातीत लोळवसान?" पण प्रणिताला ती फळीवर नको होती. डॉक्टरांनी तिला मनगट फिरवायचा व्यायाम दिला होता. या रिमोटला एका बाजूला स्पंजचं छोटं चाक असतं, ते उजव्या हाताने फिरवून ट्रक वळवायचा. वेग डाव्या बोटात. मी नुसतं बोलता बोलता सांगितलं होतं आणि तिने ते मनात धरलं होतं. "आई, फळीवर ठेवाले नाई काढला मी," ती म्हणाली. "चालवाले काढला."

पहिल्याच दिवशी ट्रक उलटला. आमच्या घरामागे सोयाबीन निघाल्यावर पडीक ठेवलेला तुकडा आहे, तिथे. प्रणिताला चाक पुरतं फिरवता आलं नाही, ट्रक बांधावर चढला, हवेत उडाला आणि दगडावर बोनेटच्या कोपऱ्यावर आपटला. आवाज एवढासाच झाला. जवळ गेलो तर चाकावरच्या कमानीपासून चीर निघून थेट खंड्याच्या पंखात शिरली होती. चिरेच्या दोन्ही बाजूंना निळ्याचे तुकडे उडाले होते.

तिने ट्रक उचलला, बघितला, माझ्या हातात दिला. "जमत नाई मले, दादा," एवढंच म्हणाली आणि घरात गेली. त्यानंतर पुन्हा तो चेंडू, ती खुर्ची. चेंडूही ती बऱ्याचदा नुसताच मांडीवर ठेवून बसायची. त्या दिवसांत माझ्या ताटात भाजीच्या आधी आईची शांतता वाढली जायची.

ट्रक चालवणाऱ्यांची आमची एक छोटी टोळी आहे. त्यात अल्लीपूरचा दिलीप माझा खास मित्र. शेती करतो आणि हंगाम सरला की घरांमध्ये पीओपीची कामं घेतो. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. नुसतं मन मोकळं करायला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवर घरी हजर. हातात पीओपीच्या सांध्यांवर लावतात ती पांढऱ्या जाळीची पट्टी.

"ताई कुठं हायेत?" त्याने आल्या आल्या विचारलं.

प्रणिता बाहेर आली. दिलीपने बॉडी उलटी करून तिच्यासमोर ठेवली. "ताई, आम्ही छताच्या जोडाले हे लावतो. जोड हलला तरी चीर पुढे जात नाई. याच्यावर वरून लवणारा गोंद थापला तं माह्या मते जमन. मी माह्या ट्रकाले लावून पाह्यलं. पन त्याच्यावर चित्र-गित्र नाई. तुमचा रंग गोंदानं खाल्ला तं? म्हनून तुमाले इचाराले आलो."

हा प्रश्न त्याने तिला विचारला, मला नाही. त्याबद्दल मी दिलीपचा आजही ऋणी आहे. कारण प्रणिता खाली वाकली, बॉडी उचलली आणि चिरेवरून डोळे फिरवत म्हणाली, "तुकड्यावर करून पाहू आधी."

बॉडी कापताना चाकांच्या कमानीतून निघालेल्या फाका मी टाकल्या नव्हत्या. तिने त्यांच्यावर तेच रंग लावले, वाळवले आणि मग वेगवेगळे गोंद लावून बघितले. चपला चिकटवायचा नेहमीचा पिवळा गोंद लावला तर रंग सुरकुतला आणि बोटाला आला. ती फाक दिलीपने उचलून धरली आणि म्हणाला, "वाचलो बाप्पा." बुटांचे तळवे चिकटवायचा दुसरा एक दाट, पारदर्शक गोंद होता, सुकल्यावर रबरासारखा लवणारा. त्याने रंगाला काही केलं नाही. आम्ही ती फाक पिळली, वाकवली, आईच्या पाट्यावर आपटली. तिला काही झालं नाही.

मग काम सुरू झालं. चिरेच्या टोकाशी मी बारीक गोल भोक पाडलं. तसं केलं की चीर तिथेच थांबते, पुढे धावत नाही. उडालेला रंग प्रणिताने खरवडून काढला आणि निळा परत भरला. तो नेमका जुळला नाही. जरासा गडद झाला आणि त्यावरून ती दोन दिवस धुसफुसत होती. तिच्या त्या धुसफुशीचा मला केवढा आनंद झाला होता! रंगाची छटा चुकली म्हणून चिडणारी माणसं बरी होत असतात, असं मी मनाशीच ठरवून टाकलं.

नंतर जाळी. आतल्या बाजूने चिरेवर पट्टी ठेवायची आणि बोटाने दाबत दाबत ती प्लास्टिकच्या वळणात बसवायची. दुपारची वेळ होती. ऊन अंगणातून ओसरीवर सरकलं होतं. दिलीप गोंदाची ट्यूब उघडून तयार होता, मी बॉडी धरली होती. प्रणिता आपलं उजवं बोट, तेच बधिर बोट, जाळीवरून फिरवत होती. फिरवता फिरवता ती थांबली. पुन्हा फिरवलं. डोळे मिटले.

"काय झालं?" मी विचारलं. मला वाटलं, मनगट दुखलं.

"दादा," ती म्हणाली. "मले चौकोन लागून राह्यले."

"कायचे चौकोन?"

"जाळीचे चौकोन. बोटाले. बारीक बारीक. लागून राह्यले मले."

आई तूर पाखडत होती, तिचं सूप थांबलं. ती उठून आली, खाली बसली आणि तिने प्रणिताचं ते बोट आपल्या दोन्ही हातांत धरलं. जणू काही तिलाही त्यातून चौकोन लागणार होते. दिलीप ट्यूबचं झाकण परत लावत अंगणाकडे बघत राहिला.

गोंद त्या दिवशी लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी लावला. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून तो जाळीत एकसारखा पसरवायचा, म्हणजे हाताला चिकटत नाही आणि वरून गुळगुळीत होतो. नुसत्या चिरेवर थांबलो नाही. चारही कमानी, पुढचे-मागचे कोपरे, छताला धरणारे खांब, जिथे जिथे मार बसतो तिथे तिथे आतून जाळी दिली. बॉडी ज्या खुंट्यांवर बसते त्या भोकांच्या कडाही फाटत जातात, त्यांनाही छोटे तुकडे लावले. ट्रक उलटला की छतावर घासत जातो म्हणून छतावर बाहेरून मोटारसायकलच्या टाकीला लावतात ती पारदर्शक फिल्म चिकटवली. बॉडीचं वजन थोडं वाढलं. ट्रक जरा सुस्त होईल, हे मला माहीत होतं. पण ते वजन हातात घेताना बरं वाटत होतं.

काम संपल्यावर दिलीप भावनेच्या भरात म्हणाला, "पाहा ताई, तुमच्या हातात बी पट्टी टाकली अन या ट्रकात बी..."

"दिलीपभाऊ, थे नोका सांगू," प्रणिताने त्याला तिथेच अडवलं. "हाताचं हातापाशी, ट्रकचं ट्रकापाशी." आणि मग ती इतकी हसली, की दिलीपही हसायला लागला.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजूनही मोकळ्या श्वासाचे दिवस वाटतात. तिच्या हाताची थरथर गेली नव्हती, आजही थंडीत ती परत येते. पण रोज सकाळी ती त्या पडीक तुकड्यावर ट्रक घेऊन जायची आणि स्पंजचं चाक फिरवायची. आधी नुसतं सरळ, मग डावीकडे, मग मनगट कुरकुरेपर्यंत उजवीकडे. ट्रक पडायचा. मी धावायला लागलो की ती ओरडायची, "तू नोको उचलू, मी येतो." स्वतः जाऊन उचलायची, उलटा करून आत बघायची, जाळीवरून बोट फिरवायची आणि खाली ठेवायची. शेजारच्या शेतात हरभऱ्याला घाटे धरले होते. कापूस वेचायला निघालेल्या बाया बांधावर टोपल्या उतरवून ट्रक बघायला थांबायच्या. "काऊन व प्रणिता, हा पक्षी तूच काढला?" असं एकीने विचारलं आणि प्रणिता "हाव" म्हणाली. ते "हाव" तिच्या पूर्वीच्या आवाजात होतं.

हिवाळा उतरणीला लागला तेव्हा दिलीपने आम्हाला सगळ्यांना अल्लीपूरला बोलावलं. त्याच्या वावरातली पऱ्हाटी उपटून झाली होती. मोकळ्या रानात त्याने मुरमाचे उंचवटे रचले होते. वर्ध्याचे, हिंगणघाटचे लोक आले होते, एक जण नागपूरहून. स्पर्धा वगैरे काही नव्हती, नुसतं एकमेकांचे ट्रक उडवायचे आणि चहा प्यायचा. आईही आली होती. तिला ट्रकशी देणंघेणं नव्हतं, दिलीपच्या बायकोने हुरड्याचं निमंत्रण दिलं होतं.

प्रणिताने दोन-तीन उंचवटे छान पार केले. मग तिने सगळ्यात मोठा उंचवटा धरला. मी "हळू" म्हणालो, तोवर ट्रक हवेत होता. वरती तो आडवा झाला. खाली आला तो बोनेटवर, तिथून छतावर, तिथून पुन्हा बोनेटवर, आणि मातीचा लोट मागे सोडत शेवटी वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या दगडांत जाऊन आदळला. सगळे "आरारारा" करत उभे राहिले. मी हललो नाही. मला त्या क्षणी ट्रककडे बघायचं धाडस नव्हतं, मी प्रणिताकडे बघत होतो. तिने रिमोट खाली ठेवला आणि चालत गेली. धावत नव्हे, चालत. ट्रक उचलला, ओढणीने माती पुसली.

छतावरची फिल्म खरवडली गेली होती, बोनेटवर पांढरे ओरखडे होते. तिने अंगठा ओला करून ओरखड्यांवरून फिरवला, तसा खालून खंड्या जसाच्या तसा दिसला. पंखातली जुनी चीर जिथे थांबवली होती तिथेच होती. नागपूरचा तो पाहुणा तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मॅडम, माझी एक बॉडी रंगवून द्याल का? आणि आतून हे असं मजबूत पण करून?"

प्रणिताने माझ्याकडे बघितलं. मग त्याला म्हणाली, "देईन. पण शोकेसमध्ये ठेवणार असाल तर नाही."

नंतर उन्हं कलली, आगटीत कणसं भाजली गेली. गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकून प्रणिता खात होती. दोन्ही हातांनी. आई तिच्या हातांकडे बघत होती आणि स्वतःचा हुरडा गार होऊ देत होती. त्या संध्याकाळी मला कुणाचे आभार मानावेत ते कळत नव्हतं. डॉक्टरांचे मानायचे, ते खरेच. दिलीपचे मानायचे. पण पुसू देणाऱ्या त्या गुळगुळीत प्लास्टिकचे, छतांसाठी विणलेल्या त्या जाळीचे, तारेवर आपल्याच नादात बसलेल्या त्या पक्ष्याचे आभार कसे मानतात? मी आगटीत एक कांडकं सरकवलं.

नवं सत्र सुरू व्हायच्या आधी ती नागपूरला परतली. तिचा हात पूर्वीसारखा झाला नाही. फळ्यावर लांब रेघ ओढताना ती अजून मनगटाखाली दुसरा हात घेते. मुलांनी विचारलं तर सांगते, असंही काढता येतं. शाळा सांभाळून ती बॉड्या रंगवते, आतून जाळी लावून देते. कुठून कुठून लोक पाठवतात. तिच्या फोनमध्ये त्यांचे फोटो आहेत. ते ती मला पाठवते आणि मी दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना दाखवतो.

ती गेली त्या दिवशी मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. उन्हाळा तापायला लागला होता. बस यायच्या आधी मी विचारलं, "खंड्याची बॉडी घेऊन जातेस का?"

"नाई. तुह्यापाशी ठेव. पन ठेवून नोको देजो," ती म्हणाली. बस आली, तिने उजव्या हाताने दांडी पकडली आणि चढली.

घरी आलो तर घर रिकामं वाटत होतं. अंगणातली खुर्ची आईने आत घेतली होती. मी ट्रकला बॅटरी लावली आणि मागच्या तुकड्यावर गेलो. जमीन आता तडकली होती, चाकांखाली ढेकळं फुटत होती. दोन फेऱ्या मारल्या असतील, तर मागून आई आली. पदर डोक्यावर, डोळे लाल. प्रणिता गेल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच होती, मला माहीत होतं. ती बांधावर उभी राहिली, थोडा वेळ बघत राहिली.

"दे माह्या हाती," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण तिने हात पुढे केला होता. मी तिला रिमोट दिला, चाक कुठलं, वेग कुठला ते दाखवलं. तिने दात घट्ट आवळले आणि बोट दाबलं ते पुरतं दाबलं. ट्रक सुसाट सुटला, वाटेतल्या ढेकळावर चढला, हवेत गरकन फिरला आणि धाडकन उलटा पडला. चारही चाकं आभाळाकडे करून फिरत राहिली.

"फुटलं काय रे?" आईने विचारलं. तिचा हात तोंडावर गेला होता.

मी जाऊन ट्रक सरळ केला, धूळ झटकली. खंड्या तिच्याकडे तोंड करून बसला होता. "काही नाई झालं," मी म्हणालो.

आईने खात्री करून घ्यायला मान पुढे करून बघितलं. मग पदर कमरेला खोचला, रिमोट दोन्ही हातांत नीट धरला आणि माझ्यावर खेकसली, "मंग काऊन थांबला? सरक बाजूले."